नऊ महिने, एक दोनशेपानी वही आणि पाण्याचा दिवस

संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेहून परत येताना दोनशेपानी वही घेतली आणि त्याच रात्री आयुष्यात काय काय करायचंय ते लिहायला बसले. आता ऑक्टोबर आलाय. ऑफिसातल्या दोघी-तिघी विचारतात, खरंच काही उपयोग होतो का गं? म्हणून सविस्तर लिहितेय.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. वय 39. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं ते सुटलंच.

पहिल्या रात्री चार पानं भरली. जुळे सोलापुरात स्वतःचं घर, चारचाकी, दहा किलो वजन कमी, पोरीला पुण्याला शिकवायचं. लिहून इतकं समाधान वाटलं की गाढ झोप लागली. पुढचे दोन महिने मात्र त्यातलं काडीभरही हललं नाही. नंतर गॅब्रिएल ओटिंजेन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनाबद्दल वाचलं. नुसतं गोड चित्र रंगवलं की ते मिळाल्यासारखंच वाटतं आणि कामाचा जोर ओसरतो. त्या चित्राशेजारी वाटेतली अडचणही मांडली तर जोर टिकतो. माझं अगदी हेच झालं होतं.

आणखी एक सांगायला हवं. आमच्याकडे ट्रेनिंगला आलेल्या एका वक्त्याने येल विद्यापीठाची गोष्ट सांगितली होती: 1953 च्या बॅचमधल्या ज्या 3 टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली, त्यांनी पुढे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पैसा कमावला. असा अभ्यास कधी झालेलाच नाही. याचा मला मनापासून राग आहे. माणसं त्या भरवशावर लिहायला बसतात आणि काही झालं नाही की स्वतःलाच दोष देतात.

गाडी रुळावर आली ती मार्चमध्ये, पाण्यामुळे. आमच्या भागात चार-पाच दिवसांआड नळ येतो. नळ फुसफुसायला लागला की उठायचं, मोटर लावायची आणि टाकी भरेपर्यंत जागं राहायचं. पाऊण तास तरी जातोच. एकदा त्या वेळात वही हातात घेतली आणि नियमच करून टाकला: मोटर लावली की वही उघडायची. ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधीच ठरवून ठेवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 च्या एका लेखात मांडलंय. मला ते नळाने शिकवलं.

त्या पाऊण तासात दोनच गोष्टी लिहिते. मागच्या पाण्यापासून काय केलं आणि पुढच्या पाण्यापर्यंत काय करणार. ‘पदवी पूर्ण करायची’ असं लिहीत नाही. ‘शनिवारी ट्रंकेतून जुन्या मार्कशीटा काढायच्या’ असं लिहिते. आईला दाखवलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. ती आयुष्यभर विड्या वळत होती. म्हणाली, “उद्या हजार वळायच्या तर पानं आज रात्रीच भिजवावी लागतात, पोरी.” तेव्हापासून दुसऱ्या रकान्याला मी ‘भिजवलेली पानं’ असंच नाव दिलंय. ऑगस्टमध्ये मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.ला नाव घातलं, तेही असंच पाण्याच्या पाच-सहा पाळ्यांत, एकेक कागद गोळा करत.

त्रासही झाला. मे महिन्यात घरात लग्न, वर ते ऊन आणि पाणी आणखी लांबलेलं; तीन आठवडे वही बंदच राहिली. पाण्याच्या दिवशी लिहायचं चुकलं की दोनदा लिहून भरून काढायचा प्रयत्न केला, तो करू नका. सरळ आजच्या तारखेपासून लिहा.

सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. वही घरात उघडी पडलेली असायची. एका रात्री ह्यांनी घराचं पान वाचलं. त्यात मी लिहिलं होतं की अजून घर नाही याची मला लाज वाटते. हे काही बोलले नाहीत, दोन दिवस जेवणही नीट गेलं नाही. शेवटी मीच विषय काढला. बोलता बोलता लक्षात आलं, ते घर मला नको होतं. जावेनं घेतलं म्हणून माझ्या वहीत आलं होतं. भाड्याच्या या दोन खोल्यांत मी सुखी आहे, शाळा आणि आई चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांच्यासमोरच त्या ओळीवर रेघ मारली. मला विचाराल तर नऊ महिन्यांतली ही सगळ्यात मोठी कमाई. लिहिलं नसतं तर कर्ज काढून बसलो असतो.

चारचाकीवरही रेघ गेली. वजन चार किलो उतरलं, दोन परत आलं. पोरीचं पुणं अजून आहे, पण ते पान आता तिच्या हातात दिलंय, तिचं तिने लिहावं.

घ्यायची तर साधी वही घ्या, महागडी डायरी नको. तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही. आणि ती कुठे ठेवायची, हे पहिल्याच दिवशी घरच्यांशी बोलून घ्या. माझी आता मोटरच्या बटणाशेजारच्या फळीवर असते. परवा पाणी आहे. रकान्यात लिहून ठेवलंय: बी.कॉम.च्या पुस्तकातली घसाऱ्याची उदाहरणं, चार ते नऊ.