कॅमुंडा ७, नऊ महिन्यांनंतर : गेटवरचा दुसरा टेम्पो

माउलींची पालखी आळंदीहून निघायच्या आदल्या दिवशी भोसरीत टेम्पो मिळवणं काय असतं, हे इथल्या लोकांना सांगायला नको. रस्ते वळवलेले, निम्मे ड्रायव्हर वारीला, ट्रान्सपोर्टवाला फोन उचलत नाही. त्या दिवशी सकाळी साडेनऊला आमच्या गेटवर एकाच मालासाठी दोन टेम्पो येऊन उभे राहिले. दोन्ही ड्रायव्हरांच्या मोबाईलवर आमच्याच नावाचं बुकिंग. माल मात्र एकाच गाडीचा, रांजणगावला जाणारे चौदा क्रेट ब्रॅकेट. एक टेम्पो भरून गेला. दुसऱ्याला खाली फेरीचे २,६०० रुपये मी माझ्या हाताने मोजून दिले. कॅमुंडा ७ या, कामं ठरलेल्या क्रमाने आपोआप पुढे नेणाऱ्या सॉफ्टवेअरचा हा अनुभव लिहायचं तेव्हाच ठरवलं होतं, पण रागात लिहिलेलं पुढे खोडावं लागतं म्हणून थांबले. थांबले ते बरं झालं, कारण मधल्या काळात माझं मत दोनदा बदललं.

आमचं धातूचे भाग बनवणारं प्रेस शॉप आहे, एकतीस माणसं. मी अकाउंट्सही बघते आणि कॉम्प्युटरही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस लागू झालं, तेव्हा आम्ही त्यात आलो. तेव्हापासून एकच बिल तीन ठिकाणी टाइप व्हायचं : टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, सरकारच्या ई-इनव्हॉइस पोर्टलवर आणि ट्रान्सपोर्टवाल्याच्या साइटवर. संध्याकाळी सहानंतर आमच्या अकाउंट्समधल्या ताई फक्त हेच करत बसायच्या. म्हणून गुढीपाडव्याला कॅमुंडा ७ ची कम्युनिटी आवृत्ती बसवली. अपाची (मुक्त वापराचा) परवाना, लायसनचा खर्च शून्य. बाहेरच्या सिस्टिम जोडण्याचा जावा कोड पुण्यातल्याच एका छोट्या कंपनीकडून लिहून घेतला, त्याचे १,४५,००० गेले.

पहिले तीन महिने मी सगळ्यांना हे कौतुकाने दाखवत होते. कामाच्या पायऱ्या दाखवणारी बीपीएमएनची आकृती भिंतीवर लावली तर डिस्पॅचच्या काकांनाही कळली. ‘इथे माझी मान्यता, मग बिल, मग गाडी, मग टॅली,’ असं त्यांनी बोट फिरवत वाचून दाखवलं. ताई साडेसहाला घरी जायला लागल्या.

आता त्या टेम्पोकडे येते. काकांच्या मान्यतेनंतर आकृतीत ओळीने तीन चौकोन होते : आयआरएन (ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) काढणे, गाडी बुक करणे, टॅलीत नोंद. प्रत्येकामागे एकेक जावा क्लास, म्हणजे कोडचा तुकडा. काकांनी बटण दाबलं की तिन्ही क्लास एकामागून एक, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही अशा एका गठ्ठ्यात) पळायचे. त्या सकाळी आयआरएन आला, गाडीही बुक झाली, पण ताईंचा पीसी अजून बंद होता. टॅली ९००० नंबरच्या पोर्टवर ऐकते, पण त्यासाठी ती उघडलेली आणि कंपनी लोड केलेली असावी लागते. तिकडून उत्तर आलं नाही, कोडने एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकलं आणि इंजिनने, म्हणजे कॅमुंडाच्या गाभ्याने, सगळं मागे नेलं, शेवटच्या थांब्यापर्यंत. शेवटचा थांबा म्हणजे काकांची मान्यता. काकांच्या स्क्रीनवर लाल पट्टी आली आणि ते काम यादीत जसंच्या तसं राहिलं. ताई आल्या, टॅली उघडली, काकांनी पुन्हा बटण दाबलं. त्यांची काहीच चूक नाही, यादीत काम दिसतंय म्हणजे ते झालेलं नाही, असंच कुणीही समजेल.

इंजिनने स्वतःच्या डेटाबेसमधलं सगळं इमानाने मागे घेतलं होतं. पण वाटेला लागलेला टेम्पो डेटाबेसच्या रोलबॅकने मागे फिरत नाही.

तेव्हा मला इंजिनचाच राग आला होता. मग दोन रात्री मॅन्युअल वाचलं. त्यात हे स्वच्छ लिहिलंय : इंजिन एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत एका दमात जातं, मध्ये पाय टेकवायचा असेल तर त्या चौकोनावर ‘असिंक्रोनस बिफोर’ची टिक करायची. टिक केली की तिथपर्यंतचं काम पक्कं होतं आणि पुढचं वेगळ्या जॉबमध्ये जातं. आमच्या तीनही चौकोनांवर ती टिक नव्हती. एक लाख पंचेचाळीस हजारांच्या कामात तीन टिका राहिल्या. त्या कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, ‘मॅडम, टेस्टिंगमध्ये टॅली चालू होती.’ सगळं चालू असताना काम होतं की नाही, हे तपासायला मला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

याच ठिकाणी सरकारी पोर्टलचं मनापासून कौतुक करायचंय. काकांनी दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा आयआरएनची मागणीसुद्धा दुसऱ्यांदा गेली होती. पण आयआरएन हा चौसष्ट अक्षरांचा हॅश असतो आणि तो विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांतूनच तयार होतो. तेच बिल पुन्हा पाठवलं तर पोर्टल २१५० हा एरर देतं : डुप्लिकेट आयआरएन. आमच्या कोडने तो ओळखून आधीचाच आयआरएन घेतला आणि पुढे गेला. एकाच बिलाला दोन आयआरएन मिळायची सोयच तिथे ठेवलेली नाही. इतक्या वेळा शिव्या खाणाऱ्या पोर्टलमध्ये ही एक गोष्ट फार विचारपूर्वक केलेली आहे. गाडीच्या बुकिंगला असं काही का नव्हतं?

होतं! ट्रान्सपोर्टवाल्याच्या एपीआयच्या (त्याच्या सिस्टिमला आपली सिस्टिम जोडायच्या सोयीच्या) कागदात तिसऱ्या पानावर एक रकाना आहे, ‘ग्राहकाचा संदर्भ क्रमांक’. तो भरला आणि त्याच क्रमांकाने पुन्हा मागणी गेली, तर नवीन गाडी लागत नाही, जुनंच बुकिंग परत मिळतं. रकाना ऐच्छिक आहे, म्हणून आमच्या कोडने तो रिकामा पाठवला होता. लॉग उघडून मी तो रिकामा रकाना बघितला आणि बराच वेळ बघत राहिले. दोन अवतरणचिन्हं, मध्ये काहीच नाही.

टिका केल्या, रकाना भरला. एवढ्यावर हा अनुभव संपला असता तर मी पूर्ण गुण देऊन मोकळी झाले असते.

गणपतीनंतर ग्राहकाच्या स्टोअरमधून फोन आला : ‘तुमचे दोन एएसएन दिसतायत, खरं कुठलं?’ माल निघायच्या आधी त्यांच्या पोर्टलवर आम्ही एएसएन, म्हणजे माल येतोय अशी सूचना टाकतो, सोबत टेस्ट सर्टिफिकेट आणि फोटो. महिनाअखेरीला ते पोर्टल इतकं रेंगाळतं की त्या दिवशी अपलोडला सात मिनिटं लागली. इंजिनचा जॉब एक्झिक्युटर, म्हणजे वेगळ्या जॉबमध्ये गेलेली कामं पार पाडणारा भाग, एखादं काम उचलताना त्यावर कुलूप लावतो. त्या कुलपाची मुदत, काही बदललं नसेल तर, पाच मिनिटं. पाच मिनिटं झाली, कुलूप सुटलं, त्याच्याच दुसऱ्या थ्रेडने (समांतर चालणाऱ्या धाग्याने) तेच काम नव्याने उचललं. एक जण अर्ध्या अपलोडमध्ये असताना दुसऱ्याने सुरुवात केली. नंतर इंजिनने एकाचा निकाल नाकारला, लॉगमध्ये ऑप्टिमिस्टिक लॉकिंगची (एकच नोंद दोघांनी बदलायला घेतल्याची) ओळ आहे, पण तोवर दोन्ही अपलोड होऊन गेले होते.

इथे माझं मत दुसऱ्यांदा बदललं. तोपर्यंत मी टिकेलाच औषध समजत होते. टिकेमुळे एवढंच होतं की मागे फिरायचं अंतर कमी होतं. काम ‘निदान एकदा’ होईल एवढीच हमी इंजिन देतं. ‘एकदाच’ होईल हे बघणं त्याला बाहेरच्या सिस्टिमला जोडणाऱ्याच्या अंगावर आहे. कॅमुंडाच नाही, रिट्राय (पुन्हा प्रयत्न) करणारं कुठलंही इंजिन घ्या, बाहेरचं काम झालं आणि ‘झालं’ म्हणायच्या आत लाइट गेली तर ते काम पुन्हा होणार. आमच्याकडे तर गुरुवारची सुट्टी, त्या दिवशी लाइनच्या दुरुस्तीसाठी लाइट जाणं ठरलेलं, आणि यूपीएस पाऊण तास चालतो.

मग बाहेरची सगळी कामं जावा क्लासमधून काढून एक्स्टर्नल टास्कवर आणली. त्यासाठीचा वर्कर, म्हणजे इंजिनबाहेर राहून काम करणारा प्रोग्रॅम, मी स्वतः पायथनमध्ये लिहिला, रात्री जेवणं झाल्यावर, तीन आठवडे लागले. यात इंजिन कुणाला हाक मारत नाही. वर्करच येऊन ‘माझ्या विषयाचं काही आहे का’ विचारतो, काम कुलूप लावून घेतो, झालं की कळवतो. कुलपाची मुदत विषयागणिक ठरवता येते. अपलोडला वीस मिनिटं दिली, गाडीला दोन. पुन्हा प्रयत्न कधी करायचा तेही वर्कर सांगतो. टॅली बंद असेल तर एका मिनिटात तीनदा दार ठोठावून काय मिळणार? आता तो अर्ध्या तासाने येतो, आणि सगळे प्रयत्न संपले की कॉकपिटमध्ये (कॅमुंडाच्या देखरेखीच्या पानावर) इन्सिडेंट, म्हणजे अडलेल्या कामाची खूण, लागतो. सकाळी चहाच्या आधी मी ते पान बघते.

खरं काम मात्र एका छोट्या टेबलाने केलं. त्यात ऑर्डर नंबर, पायरीचं नाव, स्थिती आणि समोरून आलेला क्रमांक एवढेच चार रकाने. ऑर्डर आणि पायरी मिळून युनिक. बाहेर हाक मारायच्या आधी ‘पाठवतोय’ अशी ओळ घालायची आणि ती पक्की करायची, मगच हाक. उत्तर आलं की ‘झालं’. वर्करला जर आधीपासूनच ‘पाठवतोय’ची ओळ सापडली, तर नव्याने पाठवायचं नाही. आधी समोरच्याला संदर्भ क्रमांकाने विचारायचं, की हे तुझ्याकडे पोचलंय का. ज्या ग्राहकाच्या पोर्टलवर असं विचारायची सोय नाही, तिथे वर्कर थांबतो आणि काम माझ्या यादीत टाकतो. तिथे माणूसच बघेल. हे क्रमाने करणं फार महत्त्वाचं आहे. मी आधी ओळ आणि हाक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवली होती, म्हणजे लाइट गेली की ओळही गायब, पुन्हा जिथे होतो तिथेच.

टॅली जोडणाऱ्यांसाठी एक सांगते, कारण यात माझे दोन दिवस गेले. एक्सएमएल पाठवल्यावर एचटीटीपीचं उत्तर २०० (‘ठीक’) आलं म्हणजे नोंद झाली असं नाही. लेजरचं (खात्याचं) नाव जुळलं नाही तरी २०० च येतं, चूक आत ‘लाइनएरर’मध्ये लिहिलेली असते. ‘क्रिएटेड’चा आकडा वाचायचा. आधीचा कोड तो वाचत नव्हता, आणि अकरा बिलं टॅलीत नसल्याचं जीएसटी रिटर्न भरताना कळलं. शिवाय व्हाउचर नंबर मॅन्युअल ठेवून ‘प्रिव्हेंट डुप्लिकेट्स’ला येस करा.

बाकी थोडक्यात. मॉडेलर (आकृती काढायचं साधन) उत्तम. कॉकपिटमध्ये संपलेल्या प्रक्रियांचा इतिहास फुकटच्या आवृत्तीत दिसत नाही, मी डेटाबेसवर चार क्वेरी लिहून भागवते. आठ जीबीच्या जुन्या पीसीवर सगळं आरामात चालतं.

नवीन घेणाऱ्यांनी एक बघावं : कॅमुंडा ७ च्या कम्युनिटी आवृत्तीचा काळ ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. कॅमुंडा ८ चं इंजिन वेगळं आहे. त्याच जुन्या कोडवरून निघालेले ऑपरेटॉन आणि सीआयबी सेव्हन हे फुकट पर्याय आहेत, त्यांतला ऑपरेटॉन मी जुन्या लॅपटॉपवर लावून बघतेय. वर्कर बाहेर काढल्याचा इथे अनपेक्षित फायदा झाला. माझ्या पायथन कोडला फक्त पत्ता बदलून द्यावा लागला, बाकी एक ओळ हलली नाही. जावा क्लास आतच राहिले असते तर पुन्हा कुणाला तरी पैसे मोजावे लागले असते.

गेल्या शुक्रवारी सकाळी लॉग बघितला. गुरुवारी लाइट गेली तेव्हा एक बुकिंग अर्धवट होतं. सर्व्हर उठल्यावर वर्करने विचारलं, ट्रान्सपोर्टवाल्याने जुनाच क्रमांक परत दिला. तरी मी साडेनऊला गेटवर जाऊन उभी राहिले. एकच टेम्पो आला. काकांनी चलन दिलं आणि गाडी स्पाइन रोडकडे गेली.

जावा कोडवाल्या कंपनीचं वार्षिक देखभालीचं कोटेशन टेबलावर पडून आहे, ३६,००० रुपये. त्यांना कळवलंय की करारात एक कलम घाला : प्रत्येक बाहेरची हाक मध्येच तोडून, टॅली बंद ठेवून, सर्व्हर बंद करून माझ्यासमोर तपासून दाखवायची. उत्तर आलेलं नाही. ते येईपर्यंत सही नाही.