अलास्काची क्रूझ दोघांनी केली, काही महिने उलटल्यावरचा हिशोब

मे मध्ये अलास्काला जाऊन आलो तेव्हापासून ओळखीतला प्रत्येक जण विचारतोय की कशी वाटली, पैसे वसूल झाले का, आम्ही जावं का. उतरल्या उतरल्या लिहिलं असतं तर सगळंच भारी भारी म्हणून मोकळी झाले असते. आता थंडी पडलीय, क्रेडिट कार्डाचं बिल फिटलंय, घरी येणाऱ्या प्रत्येकाला फोटो दाखवून झालेत, त्यामुळे काय टिकलं आणि काय नुसतंच चकचकीत होतं ते आता बरं कळतंय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण माझ्या मते ते सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे, जहाजावरचं जेवण, थिएटर, हॉट टब सगळीकडे उन्नीस-बीस असतं. मार्ग बघा. जहाज कुठून निघतं आणि कुठून कुठून जातं यावर सगळं आहे.

आम्ही राहतो सिॲटलच्या बाजूला, तरी बोट घेतली कॅनडातल्या व्हँकुव्हरची. नवऱ्याने त्यासाठी एक्सेल शीट बनवली होती आणि मी तेव्हा भरपूर हसून घेतलं होतं, पण मुद्दा त्याचा खरा होता. इनसाइड पॅसेज म्हणजे बेटं आणि मुख्य किनारा यांच्या मधून जाणारा शांत पाण्याचा रस्ता. सिॲटलहून निघणारी बहुतेक मोठी जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात, तिथे लाटा लागतात आणि किनारा दिसत नाही. व्हँकुव्हरची बोट बेटाच्या आतून जाते. पहिल्याच रात्री सेमूर नॅरोज नावाची चिंचोळी जागा लागते, तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह १५ नॉट्सपर्यंत, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास, जातो म्हणून जहाजं पाणी स्थिरावायची वेळ बघून ती पार करतात, आणि मधोमध पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता ज्याने कितीतरी जहाजं बुडवली, तो शेवटी १९५८ मध्ये समुद्राखालून बोगदा खणून स्फोटाने उडवला. आम्ही तिथे पोचलो तेव्हा काळोख झाला होता, दिसलं काहीच नाही, पण नवरा डेकवर उभा राहून मला हे सगळं सांगत होता आणि शेजारचे दोन आजोबा येऊन ऐकायला लागले, त्यामुळे स्वारी खूश. पूर्ण आडोसा मात्र व्हँकुव्हरवरूनही मिळत नाही हां, बेट संपलं की काही तास उघडं पाणी लागतंच, मी तेवढ्यापुरती बोट लागू नये म्हणून गोळी घेतली आणि झोपले.

आता दोघांच्या ट्रिपबद्दल, कारण बऱ्याच जणींनी खाजगीत तेच विचारलंय. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झालीत आणि प्रवासात आमची भांडणं ठरलेली असतात, किती वाजता निघायचं, गाडी कोण चालवणार, पार्किंग कुठे मिळणार, जेवायचं कुठे. जहाजावर यातला एकही प्रश्न नाही! सकाळी उठलं की गाव आपोआप खिडकीत आलेलं असतं. शिवाय एकमेकांना चिकटून राहायची सक्ती नाही, तो सहा वाजता दुर्बीण घेऊन डेकवर, मी नऊपर्यंत झोपलेली, त्याने पाहिलेलं तो जेवताना सांगणार, मी पाहिलेलं मी. घरी आम्ही दोघं एकाच घरात बसून काम करतो त्यामुळे संध्याकाळी एकमेकांना सांगायला नवीन काही नसतं, तिथे रोज होतं. वायफाय पॅकेज घेतलं नाही, तेही बरं झालं. आणि हे सगळं जहाजाचंच पुण्य होतं हेही कळलं, कारण आल्यावर जुलैमध्ये माउंट रेनियरला गेलो आणि पार्किंगवरून व्यवस्थित भांडलो.

ग्लेशियर बे, म्हणजे अलास्कातली हिमनद्यांची खाडी, जी राष्ट्रीय उद्यान आहे. बोट ठरवताना एवढं एकच नाव शोधा. तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना परवानगी असते, म्हणून प्रत्येक कंपनीकडे ते नसतं, काही जण त्याऐवजी दुसरी हिमनदी दाखवतात, त्याही छान असतील पण इथला इतिहास वेगळा आहे. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथून गेली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आला तोपर्यंत बर्फ चाळीसेक मैल मागे सरकलेलं, आणि आज तोंडापासून आतल्या टोकापर्यंत ६५ मैल पाणी आहे, ज्यावरून आपण हातात कॉफी घेऊन जातो. त्याच्याही आधी उलटं झालं होतं, म्हणजे हिमनदी पुढे आली आणि तिने इथल्या मूळच्या ट्लिंगिट लोकांची गावंच गिळली, ते लोक पळून पलीकडे जिथे वसले ते आजचं हूना गाव. २०१६ मध्ये पार्कच्या आवारात, बार्टलेट कोव्हला, त्यांचं पारंपरिक सामुदायिक घर पुन्हा उभं राहिलं. हे सगळं आम्हाला पार्कच्या रेंजरने सांगितलं, सकाळी छोट्या बोटीतून येऊन ते चालत्या जहाजाला लावलेल्या शिडीवरून वर चढतात, दिवसभर माइकवर बोलतात आणि संध्याकाळी तसेच उतरून जातात. पूर्ण ट्रिपमधली सगळ्यात चांगली कॉमेंटरी हीच, आणि फुकट.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबतं आणि हळूहळू स्वतःभोवती फिरतं म्हणजे दोन्ही बाजूंना दिसावं. रुंदी मैलभर, पाण्यावरची उंची अडीचशे फुटांच्या आसपास, पण आकड्यांनी काही कळत नाही, कळतं ते तुकडा पडताना. आधी पांढरं काहीतरी घरंगळताना दिसतं, बारीकसं, आणि सेकंदा-दोन सेकंदांनी गडगडाट येतो, तेव्हा लक्षात येतं की ते बारीकसं म्हणजे इमारतीएवढं होतं. बर्फ निळं का दिसतं तर दाबाने त्यातली हवा निघून गेलेली असते आणि घट्ट बर्फ लाल रंग शोषून घेतं. शेजारचीच ग्रँड पॅसिफिक हिमनदी दगडमातीने इतकी काळी पडलीय की अर्ध्या लोकांना ती डोंगरच वाटली, मलाही कोणी दाखवेपर्यंत कळलं नव्हतं. जॉन्स हॉपकिन्स नावाचा फाटा मात्र मे ते ऑगस्ट क्रूझ जहाजांना बंद असतो कारण तिथे सील तरंगत्या बर्फावर पिल्लं देतात, तो बघायचा असेल तर सप्टेंबर, पण सप्टेंबरमध्ये पाऊस जास्त. आम्ही मे निवडला, डोंगरांवर अजून बर्फ होतं आणि पाऊस कमी लागला. नद्यांमध्ये सॅमन आणि त्यांच्या मागे अस्वलं हे मात्र जुलै-ऑगस्टचं काम, मे मध्ये त्याची आशा धरू नका.

आता बाल्कनी. बाल्कनीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आम्ही बाल्कनीची खोली घेतली होती, सगळे सांगतात घ्याच घ्याच, पण खरं बघायचं असेल तेव्हा आम्ही दोघंही वर उघड्या डेकवर होतो कारण बाल्कनीतून एकच बाजू दिसते आणि व्हेल नेमका दुसऱ्या बाजूला वर येतो. बाल्कनी वापरली ती चहा प्यायला. पुढच्या वेळी आतली खोली घेईन आणि उरलेले पैसे जुनोला बोटीतून व्हेल बघण्यावर घालीन.

जुनो अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून रस्ताच येत नाही, एकतर विमान नाहीतर पाणी. तिथून ऑक बे नावाच्या बंदरावरून व्हेल दाखवणाऱ्या छोट्या बोटी निघतात, माणशी दीडशे-दोनशे डॉलर, महाग वाटतं पण आख्ख्या ट्रिपमध्ये हे सगळ्यात चोख वसूल झालं. हंपबॅक जातीचे हे व्हेल हिवाळ्यात हवाईला जातात, तिथे पिल्लं होतात पण खाणं जवळजवळ नाहीच, मग उन्हाळ्यात इथे येऊन नुसते खातात. प्रत्येकाच्या शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी वेगळी असते, त्यावरून एकेक ओळखता येतो. नवऱ्याने काढलेला शेपटीचा एक फोटो त्यातल्या त्यात धड आला होता, तो आम्ही शेपटीवरून व्हेल ओळखणाऱ्या हॅपीव्हेल नावाच्या साइटवर टाकला आणि विसरलो. आता या थंडीत ईमेल आली की तुमचा व्हेल हवाईला दिसला! नवऱ्याने ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवली म्हणे. काही महिन्यांनी सुद्धा काहीतरी हाती लागतंय अशी ट्रिपमधली ही एकच गोष्ट.

मेंडेनहॉल हिमनदी त्याच दिवशी बसने केली. तिथलं व्हिजिटर सेंटर १९६२ चं आहे, बांधलं तेव्हा बर्फ बरंच जवळ होतं, आता तळ्याच्या पार पलीकडे गेलंय. भिंतीवरचे जुने फोटो बघून खिडकीतून बाहेर बघितलं की आणखी काही सांगावं लागत नाही. गर्दी मात्र विचारू नका.

गर्दीचं जरा बोलायलाच हवं. जुनोची वस्ती ३२ हजारांच्या आसपास आणि २०२३ च्या एका सीझनमध्ये क्रूझचे १६ लाखांवर लोक उतरले. २०२४ पासून त्यांनी दिवसाला पाचच मोठी जहाजं असं ठरवलं, त्याच वर्षी शनिवारी मोठी जहाजं नकोतच म्हणून मतदानही झालं, ते हरलं. धक्क्यावर उतरलं की रांगेने दागिन्यांची दुकानं, ज्यांचा अलास्काशी काडीचाही संबंध नाही. आपणही त्या गर्दीतलेच एक, त्यामुळे फार तोंड वर करून बोलता येत नाही, पण दोन गल्ल्या आत गेलात की गाव सुरू होतं, तेवढं चाला.

स्कॅगवे नावाच्या बंदराला रेल्वे. १८९७-९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकचं सोनं शोधायला हजारो लोक इथे उतरले, आणि कॅनडाच्या पोलिसांचा नियम असा की वर्षभराचं सामान, म्हणजे साधारण टनभर, सोबत असेल तरच हद्दीत पाऊल टाका. ते पाठीवरून वाहायचं म्हणजे तीच वाट पुन्हा पुन्हा चढायची. व्हाइट पासच्या वाटेवर तीनेक हजार घोडे मेले, त्या दरीला आजही मेलेल्या घोड्यांची घळ म्हणतात. मग तीन फुटी रुळांची रेल्वे १८९८ मध्ये सुरू करून १९०० मध्ये पूर्ण केली, तोवर सोन्याची गर्दी ओसरलेली. आता तीच गाडी २,८६५ फुटांवरच्या खिंडीत नेते. वर जाताना डाव्या बाजूला बसा, येताना बाजू बदलायला सांगतात. नवऱ्याला हे जाम आवडलं, मला ठीक वाटलं, डब्यात शेकोटीसारखी ऊब होती आणि मला मधे चक्क झोप लागली.

केचिकन गावाला पाऊस, वर्षाला १४०-१५० इंच. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो पण तिथे तो चार महिन्यांत उरकतो, इथे बारा महिने पुरवून पुरवून पडतो. छत्री नेऊ नका, वाऱ्यात काही उपयोग नाही, टोपीचं रेनकोट जॅकेट घ्या, मी माझं अजून रोज घालते. इथे सॅक्समन गावात टोटेम खांब आहेत. ते देव नाहीत, पूजेचे नाहीत, घराण्याची गोष्ट, कुणाचा मान, कुणाची आठवण असं त्यावर कोरलेलं असतं, आणि कधीकधी कुणाची लाज. १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का घेणारा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री सिवर्ड नंतर इथे आला, ट्लिंगिट प्रमुखाने त्याचा मोठा पाहुणचार केला, भेटी दिल्या, आणि या पठ्ठ्याने परतफेड काही केली नाही. म्हणून त्याचा खांब उभा केला, नाक आणि कान लाल रंगवून. आमच्याकडे आहेर परत न करणाऱ्यांचे असे खांब उभारायचे ठरवले तर सोसायटीत जागा पुरायची नाही.

जेवणाचं. शाकाहारी असाल तर काळजी नको, आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी डाळ, भाजी, भात वेगळं करून देतात, बहुतेक जहाजांवर भारतीय कुक असतोच. आमच्या टेबलाचा वेटर गोव्याचा निघाला, माझं मराठी ऐकून एकदम मोकळं बोलायला लागला. सीझन ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे चवथीला घर नाही, असं सांगता सांगता त्याने दोन टेबलं आवरली पण. आम्हाला रोज माणशी १६-१७ डॉलरच्या आसपास टिप आपोआप लागली, बरेच जण काउंटरवर जाऊन ती काढून टाकतात, कृपया काढू नका. चहा मात्र भयंकर. इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, काढून घेतात, चहा-मसाला आणि दूध पावडर न्या, बुफेवर गरम पाणी मिळतं.

एकूण खर्च जाहिरातीतल्या आकड्याच्या दुप्पट धरून चाला, टिप, फिरणं, बंदराचे कर सगळं वरून येतं. ड्रिंक पॅकेज रोज पाच-सहा ग्लास पिणार असाल तरच. स्पा आणि चित्रांचा लिलाव, दोन्हीकडे फिरकू नका, आणि खोली निवडताना नकाशात बघा की वरच्या मजल्यावर काय आहे, आमच्या वर बुफे होता आणि पहाटे पाचला खुर्च्या सरकायच्या, तक्रार केली तर कानात घालायचे बोळे दिले.

भारतातून आईबाबांना आणून न्यायचा विचार असेल तर, हे खूप जणांनी विचारलंय, जरूर न्या, चालणं कमी आणि सामान एकदाच उघडायचं म्हणून त्यांच्यासाठी उत्तम आहे, आणि त्यांना मात्र बाल्कनी घ्या, थंडीत डेकवर उभं राहवत नाही. फक्त भारतीय पासपोर्टला अमेरिका आणि कॅनडा दोन्हीचे व्हिसा लागतात. सिॲटलवरून गेलात तरी सुटका नाही, कारण १८८६ च्या एका कायद्याने परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं तर मधे परदेशी बंदर घ्यावं लागतं, मोठी जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याचीच, म्हणून ती शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरियाला थांबतात आणि तो कॅनडा आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे धक्क्यावर चेक-इनच्या रांगेत कळलं. मुलं चढली, सासूबाई आणि सासरे राहिले.