वेब डिझाईनचा ऑनलाइन कोर्स, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: माझं भांडण सीएसएसच्या एका ओळीशी

वेब आणि इंटरॅक्टिव्ह डिझाईनचा हा कोर्स मी वर्षाची वर्गणी एकरकमी भरून घेतला. अभ्यासक्रमात काय आहे, व्हिडिओ किती, शेवटी सर्टिफिकेट मिळतं का, हे अशा सगळ्या कोर्सच्या पानांवर असतंच, ते इथे लिहीत नाही. नावही लिहीत नाही, कारण माझी तक्रार अजून उघडी आहे. शिवाय जे सांगायचंय ते फक्त यांनाच लागू होतं असं नाही.

सुरुवातीला कोणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते. मधल्या काळात दोनावर आले. आज साडेतीन देते, आणि राहिलेला दीड तारा एकाच कारणासाठी अडवून ठेवलाय.

झालं असं की लॅपटॉपचा टचपॅड बंद पडला. घरात माऊस नव्हता आणि दुरुस्ती होईपर्यंतच्या थोड्या दिवसांसाठी नवा विकत घेणं मला पटत नव्हतं. असाइनमेंटची मुदत त्याच रात्री होती. कीबोर्ड चालू होता, तेवढा पुरायला हवा होता. टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, एंटरने निवड. लिंक, बटण आणि फॉर्मच्या रकान्यांसाठी ही सोय ब्राउझर आपणहून देतो, डिझायनरला वेगळं काही करावं लागत नाही.

कोर्सच्या पानावर टॅब दाबला तर काहीच हललं नाही. पुन्हा दाबला, तेच. फोकस, म्हणजे पुढची कळ ज्या घटकाला लागू होईल ती जागा, खरं तर पुढे सरकत होता, फक्त तो कुठे आहे हे दाखवणारी चौकट कोणीतरी पुसून टाकली होती. मी मेनूत आहे, शोधाच्या रकान्यात आहे की 'जमा करा'वर, कळायला काही मार्ग नव्हता. शेवटी डेव्हटूल्स या ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनाच्या कन्सोलमध्ये 'डॉक्युमेंट डॉट ॲक्टिव्हएलिमेंट' लिहून, आत्ता फोकस कुठे आहे ते प्रत्येक पावलाला ब्राउझरलाच विचारत मी फाइल जमा केली. प्रश्नमंजुषा मात्र फोनवर सोडवावी लागली. तिचे पर्याय बटण किंवा रेडिओ (एकच पर्याय निवडायचे गोल) नव्हते, नुसते डिव्ह, म्हणजे साधे कप्पे होते, आणि नुसत्या डिव्हवर टॅब थांबतच नाही.

पानाचं रूप ठरवणारं सीएसएस उघडून पाहिलं तर रीसेटच्या, म्हणजे ब्राउझरच्या मूळ स्टाइल पुसणाऱ्या भागात ती ओळ सापडली: फोकसला 'आउटलाइन: नन', म्हणजे कडं नको. मग स्टार्टर फाइल उघडली, जी पहिल्याच धड्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात दिली जाते. तिच्यातही शब्दशः तीच ओळ. या वर्गातून बाहेर पडणारा प्रत्येक पोर्टफोलिओ आणि त्यानंतर आम्ही कोणासाठीही बनवू ती प्रत्येक साइट ही ओळ सोबत घेऊनच जन्माला येणार होती. माझा राग टचपॅडच्या रात्रीवर थांबला नाही तो यामुळे.

ही ओळ इतकी पसरली कशी, याचा माग काढला. सीएसएसचे जाणकार एरिक मायर यांच्या २००७ सालच्या प्रसिद्ध रीसेटमध्ये फोकसची आउटलाइन शून्य केलेली होती, पण तिच्या वरच टिप्पणीही होती: फोकसच्या स्टाइल ठरवायला विसरू नका. असंख्य लोकांनी नियम उचलला आणि टिप्पणीतलं काम तसंच सोडलं. २०११च्या दुसऱ्या आवृत्तीत मायर यांनी तो नियमच काढून टाकला. म्हणजे ज्या फाइलने ही सवय घराघरांत नेली तिने ती केव्हाच सोडली, आणि आमच्या स्टार्टर फाइलमध्ये ती तेव्हाही नांदत होती.

डिझायनरांची अडचण मला समजते. माऊसने बटण दाबल्यावरही त्याभोवती कडं उमटायचं आणि ते डोळ्यांत खुपायचं. पण त्यावर उपाय निघालाय: 'फोकस-व्हिजिबल'. माणूस कीबोर्डने फिरतोय की माऊसने, हे ब्राउझर ओळखतो आणि गरज असेल तेव्हाच कडं दाखवतो. मार्च २०२२मध्ये सफारीनेही तो स्वीकारला, तेव्हापासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतो. त्यामुळे 'वाईट दिसतं' हे कारण आता उरलेलं नाही. नियम तर त्याहून जुना आहे. डब्ल्यूसीएजी २.० ही वेबच्या सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं डिसेंबर २००८ची. त्यात २.४.७ क्रमांकावर, एए या मधल्या पातळीला, स्पष्ट लिहिलंय की कीबोर्डचा फोकस दिसला पाहिजे.

माझी अडचण टचपॅड दुरुस्त होईपर्यंतचीच होती. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना मनगटाच्या दुखण्यामुळे माऊस धरता येत नाही, जे एखाद्या स्विचने किंवा तोंडात धरलेल्या काडीने कळा दाबतात, त्यांच्यासाठी ती रोजची आहे. पुन्हा या कोर्समध्ये सुगम्यतेचा धडा आहे! तो शेवटी आहे, ऐच्छिक आहे, आणि त्यात चित्रांचा पर्यायी मजकूर नि ४.५ला १ हे अक्षरांचं कॉन्ट्रास्ट एवढं शिकवून थांबतात.

मी मदत कक्षाला लिहिलं. उत्तर आलं, ब्राउझरची कॅश साफ करून पाहा. ओळ नेमकी दाखवून पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तर होतं की हा ब्रँडच्या दृश्यभाषेनुसार विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, आणि तक्रार बंद केली. मी ती पुन्हा उघडली, स्क्रीनचं रेकॉर्डिंग जोडलं आणि एकच विनंती केली: तुमच्या सीएसएसमध्ये 'कर्सर: नन' लिहा आणि तुमच्या टीमला दिवसभर माऊसने ही साइट वापरायला सांगा. कीबोर्डवाल्यांसाठी तुम्ही नेमकं हेच केलंय. त्यानंतर बरेच दिवस फक्त 'संबंधित विभागाकडे पाठवलं आहे' एवढंच दिसत होतं.

दोन तारे ते याच काळात. त्या रागात मी बाहेरचं वाचायला लागले. एमडीएन या वेब तंत्रांच्या संदर्भस्थळावरचं सीएसएस आणि जावास्क्रिप्टचं दस्तऐवजीकरण, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची कीबोर्डने चालणाऱ्या मेनू-टॅबची नमुना उदाहरणं. सगळं फुकट, आणि बऱ्याच ठिकाणी आमच्या व्हिडिओंपेक्षा नेमकं. पानावर छोटी खिडकी दाखवणारा 'डायलॉग' हा टॅग 'शो-मोडल'ने उघडला की फोकस आत जातो, मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केपने खिडकी बंद होते आणि फोकस जिथून आला तिथे परततो, हे मला तिथे कळलं. कोर्समध्ये हेच सगळं लांबलचक जावास्क्रिप्ट लिहून करायला शिकवतात, आणि तरीही फोकस मागच्या पानात घसरतो. मग वर्गणी कशाची भरली, असा हिशोब मी मांडायला बसले. खरं सांगायचं तर माझं मत तिथेच बदललं.

धडे बाजूला केल्यावर जे उरलं, ते मोलाचं निघालं. पहिलं म्हणजे ॲनिमेशनचा विभाग. मी तो सजावट समजून मागे ठेवला होता. त्यात एकच सरकता मेनू दोन पद्धतींनी बनवून घेतात: एकदा उंची आणि 'टॉप' बदलून, एकदा 'ट्रान्सफॉर्म' आणि 'ओपॅसिटी' वापरून. दोन्ही जुन्या, हळू फोनवर चालवायचे आणि परफॉर्मन्स पॅनलमध्ये पाहायचे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलीसेकंद मिळतात. पहिल्या पद्धतीत ब्राउझरला प्रत्येक फ्रेमला पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागते, तेवढ्यात वेळ संपतो आणि मेनू अडखळतो. दुसरीत मांडणीला हात लागत नाही. सांगून हे पटलं नसतं. फोनवर पाहिल्यावर परत कधी विसरणार नाही. या विभागाचे शिक्षक 'प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन', म्हणजे ज्यांनी हालचाल कमी हवी असं निवडलंय त्यांच्यासाठी ॲनिमेशन आवरायची सोय, सक्तीने वापरायला लावतात, कारण मोठ्या हालचालींनी काहींना खरोखर चक्कर आणि मळमळ होते. हा विभाग ज्याने लिहिला त्याला माणसं दिसतात. म्हणूनच स्टार्टर फाइल मला जास्त खुपते.

दुसरं, कामावर मिळणारा अभिप्राय. आपण बनवलेला प्रोटोटाइप, म्हणजे साइटचा कच्चा नमुना, शिक्षक स्वतः वापरतात, आपण नुसतं बघायचं, मध्ये बोलायचं नाही. मग तेच आपण अनोळखी माणसांबरोबर करायचं: काम सांगायचं आणि गप्प बसायचं. माणूस कुठे थबकला, कुठे परत फिरला, हे टिपायचं. फिग्मा या डिझाईनच्या ॲपमध्ये सुंदर दिसणारे पडदे या चाचणीत कसे उघडे पडतात, ते कुठल्याही दस्तऐवजीकरणात वाचून येत नाही.

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते, कारण कोर्समध्ये तिचा उल्लेख नाही. स्टार्टर फाइलमध्ये शीर्षकांना 'लेटर-स्पेसिंग', म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर दिलंय आणि ओळींची उंची आवळलेली आहे. मराठी मजकुरात त्याने शिरोरेषा तुटते, नि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. दोन्ही बदला. शिवाय पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

आता ताजी स्थिती. तक्रारीला अखेर उत्तर आलं आणि स्टार्टर फाइलची नवी आवृत्तीही आली. 'आउटलाइन: नन' गेलंय, 'फोकस-व्हिजिबल' आलंय. बरं वाटलं, म्हणून एक तारा वाढवला; अर्धा ॲनिमेशनच्या विभागाचा. पण नवं कडं एक पिक्सेलचं आहे, फिक्या राखाडी रंगाचं, रंगाचा कोड सीसीसी. पांढऱ्यावर त्याचं कॉन्ट्रास्ट १.६ला १ भरतं. २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१प्रमाणे अशा खुणेला किमान ३ला १ हवं. कडं आहे, पण दिसत नाही, आणि दिसणं हेच त्याचं काम आहे. प्रश्नमंजुषेचे डिव्ह तर अजून तसेच आहेत. मी दोन्ही गोष्टी आकड्यांसह कळवल्यात आणि वर्गणीचं आपोआप नूतनीकरण बंद करून ठेवलंय. वर्ष संपायच्या आत या दुरुस्त झाल्या तर अभिप्रायासाठी पुन्हा पैसे भरीन, नाहीतर नाही.

फक्त धडेच हवे असतील तर पैसे खर्च करू नका, फुकटचं साहित्य भरपूर आणि चांगलं आहे. आपलं काम कोणीतरी बारकाईने बघावं असं वाटत असेल तर घ्या. पहिल्या दिवशी स्टार्टर फाइलमध्ये 'फोकस' हा शब्द शोधा, तिथला नियम पुसा आणि 'फोकस-व्हिजिबल'ला तीन पिक्सेलची सलग, गडद आउटलाइन आणि दोन पिक्सेलचं ऑफसेट, म्हणजे घटकापासून अंतर द्या. गडद पार्श्वभूमीवर तीच आउटलाइन पांढरी करा. आणि शीर्षपट्टी वरती चिकटवलेली असेल तर 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप' तिच्या उंचीएवढं ठेवा, म्हणजे फोकस तिच्याखाली दडणार नाही.