लॅबमधला डक्टवाला फ्यूम हूड, दोन वर्षं वापरल्यावर
एमएस्सीच्या लॅबमध्ये ४ फुटी हूड, म्हणजे रसायनांच्या वाफा खेचून डक्टमधून (पाइपातून) बाहेर सोडणारं कपाट, बसवलाय. खेचतो मस्त, सॅश (पुढची वर-खाली सरकणारी काच) कामाच्या उंचीवर ठेवून ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) लावला तर ०.५ मीटर प्रति सेकंद येतं, ब्रोमिन काढलं तरी बाहेर वास नाही. पण पोरं आत बाटल्यांचं गोदाम करतात ना, मग मागच्या बॅफलच्या (हवा ओढून घेणाऱ्या पाटीच्या) फटी बंद होतात आणि धूर बाहेर येतो, म्हणून आत फक्त चालू रिॲक्शनचं सामान ठेवा, तेही सॅशपासून १५ सेंटीमीटर आत. सॅशची वायर वर्षभरातच अडकली, सर्व्हिसवाले दीड महिन्याने आले, फार राग आला. तरी डक्टलेसपेक्षा (हवा गाळून परत खोलीतच सोडणाऱ्या हूडपेक्षा) हाच घ्या, डक्टलेसमधला कार्बन फिल्टर कधी भरला ते पटकन कळत नाही. आणि पर्क्लोरिक ॲसिड यात अजिबात तापवू नका, डक्टमध्ये क्षार साठून स्फोट होऊ शकतो, त्याला आतून पाण्याने धुता येणारा वेगळा हूड लागतो.