कोल्हापूर राजारामपुरीतलं स्किन क्लिनिक : काळ्या वर्तुळांसाठी बिनधास्त जा

डोळ्याखाली काळं दिसलं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, झोप होत नाही का गं? माझी बहीण हे ऐकून ऐकून वैतागलेली कारण ती रात्री लवकर गुडूप झोपते, मोबाईल पण लांब ठेवून. शेवटी तिला या मॅडमकडं घेऊन गेले, लई भारी डॉक्टर आहेत.

आधी क्रीमचं नावच काढलं नाही. खिडकीजवळ बसवलं, डोळ्याखालची कातडी बोटानं अलगद ताणली, मग हातात आरसा देऊन समोरून टॉर्च मारला. ताणल्यावरही तपकिरी रंग तसाच राहिला म्हणजे पिगमेंटेशन, कातडीतच रंग जास्त, आमच्या आईलाही आहे, घराण्यातूनच आलंय. निळसर जांभळट असतं तर पातळ कातडीतून खालच्या शिरा दिसतायत असं समजायचं, आणि समोरून उजेड पडल्यावर काळेपणा गेला तर ती नुसती खड्ड्याची सावली, वय वाढेल तशी जास्त दिसते, तिथं क्रीम फासून उपयोग नाही. इतकं सोपं करून कुणी सांगत नाही ओ.

मग विचारलं, डोळे चोळतेस का? चोळते की, धुळीची ॲलर्जी आहे, सकाळी उठल्या उठल्या शिंका आणि खाज सुरू. चोळूनच आणखी काळं पडतंय म्हणून पहिल्यांदा ॲलर्जीचं औषध दिलं, वर सनस्क्रीन आणि गाडीवर गॉगल. खालची पापणी ओढून बघितली तर आत फिकट, म्हणून रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, बाईमाणसाला १२ तरी पाहिजे. आई म्हणाली गूळ खाते की रोज, तर मॅडम म्हणाल्या खाऊ दे, पण एवढी कमतरता गुळानं भरून निघायची नाही, लोहाच्या गोळ्याच घ्याव्या लागतील. आणि जेवल्या जेवल्या चहा बंद, त्यानं लोह अंगाला लागत नाही.

मेडिकलमधनं कुणी सांगितलं म्हणून आणलेली गोरं करायची ट्यूब पण दाखवली, त्यात स्टेरॉइड निघालं. डोळ्याजवळ तसलं लावत राहिलं तर कातडी पातळ होते, डोळ्यातला दाब पण वाढू शकतो. प्लीज कुणीही असलं स्वतःच्या मनानं लावू नका.

वाईट एवढंच की अपॉइंटमेंट घेऊनही ताटकळायला लागतं, जिना चढायचा आहे, लिफ्ट नाही, आणि पार्किंगचं तर राजारामपुरीत विचारूच नका. म्हणून एक स्टार कमी.

चोळणं थांबल्यापासून बहिणीला फरक जाणवतोय, पिगमेंटेशन पूर्ण जाणार नाही हे मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलंय, खोटी आशा लावली नाही ते मला जास्त आवडलं. जाणार असाल तर दिवसाउजेडी जा आणि काजळ, मेकअप काही न लावता, नाहीतर त्या पहिल्यांदा तोंड धुवायला पाठवतात.