वांगणीची रात्र: लेकीच्या हाती वही

डिसेंबरात ठाण्याहून कर्जत लोकल पकडून लेकीसोबत वांगणीला रात्रभराच्या आकाशदर्शनाला गेले. पैसे वसूल! मुख्य म्हणजे इथे नवख्यालाही काम देतात.

मिथुन राशीतला उल्कावर्षाव होता. सतरंजीवर चौघे चार दिशांना तोंड करून आडवे. पाचवा लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात दिसलेल्या उल्केची वेळ आणि तेजस्विता लिहितो. माझ्या अकरावीतल्या लेकीने दोन तास ती वही सांभाळली. "काका, ढग किती टक्के?" असं मोठ्यांना खणखणीत विचारत होती. माझा तर ऊर भरून आला. या नोंदी आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे जातात, जगभरच्या मोजणीत मिसळतात.

पहाटे चहावर तिथल्या दादांनी पुढची वाट सांगितली: २८ फेब्रुवारीच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर भरणारं विज्ञान प्रदर्शन (तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत), आणि १९७२ साली स्थापन झालेल्या भारतीय खगोलशास्त्रीय संस्थेची लोकशिक्षण समिती.

एकच तक्रार. गुरू बघायला पाऊण तास रांग, बायकांसाठी स्वच्छतागृह एकच. हे सुधारायलाच हवं. पुढच्या खेपेला लेक दुर्बिणीपाशी उभी राहून लोकांना गुरूचे चंद्र दाखवणार आहे. नाव आत्ताच नोंदवलंय.