‘काका, तुमच्या मोबाईलला मराठी सपोर्ट नाही’

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका संगणक दुकानात गेल्या वर्षी माझे ९,१९८ रुपये गेले. रक्कम फार मोठी नाही, हे मलाही कळते; परंतु ज्या एका वाक्यावर ती गेली, ते वाक्य माझ्यासारख्या निवृत्त माणसांना कोठेही ऐकवले जाऊ शकते, म्हणून झाला प्रकार लिहून ठेवतो आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, तेव्हा शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यात पाणी शिरले आणि वडिलांनी गुऱ्हाळाच्या आठवणी लिहून ठेवलेल्या वह्यांचा लगदा झाला. त्या आठवणी मी पूर्वीच श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केल्या होत्या आणि संगणक वरच्या मजल्यावर होता, एवढ्यामुळे त्यांच्या ६४ फाईली वाचल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर संगणकासमोर बसणे जमेना, तेव्हा त्या मोबाईलवर घ्याव्यात आणि अक्षर मोठे करून पडल्या पडल्या वाचाव्यात, असे मनात आले.

फाईली मोबाईलमध्ये नेण्याचे काम मी स्वतःच केले. पहिल्या केबलने मोबाईल नुसता चार्ज होत राहिला, कारण काही केबलींमधून फक्त वीज जाते, माहिती जात नाही. दुसरी केबल लावल्यावर पडद्याच्या वरच्या कडेवरून सूचनांची पट्टी खाली ओढली, ‘फाईल ट्रान्सफर’ निवडले आणि सगळे फोल्डर दोन मिनिटांत मोबाईलमध्ये उतरले. मात्र पहिलीच फाईल उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची खिचडी दिसली. मला वाटले, व्हायरस शिरला.

दुकानातल्या तरुणाने मोबाईल हातात घेतला, दोन फाईली उघडून पाहिल्या आणि चेहरा गंभीर करून सांगितले, “काका, तुमच्या मोबाईलला मराठी सपोर्ट नाही. फाईलीपण करप्ट व्हायला लागल्यात. मराठी रीडरचं लायसन्स घ्यावं लागेल आणि फाईली एकेक करून दुरुस्त कराव्या लागतील.” त्याच मोबाईलवर रोज सकाळी मी नातेवाइकांचे मराठी संदेश वाचत होतो, हे मला त्या क्षणी आठवले नाही. आयुष्यभर मुलांना ‘का’ विचारायला शिकवणाऱ्या माणसाने तो प्रश्न स्वतः मात्र विचारला नाही. लायसन्सचे २,८०० रुपये मी यूपीआयने दिले, दुरुस्तीची आगाऊ रक्कम म्हणून ४,००० रुपये रोख दिले आणि रोख रकमेची पावती मागायला संकोचलो.

त्याने मोबाईलमध्ये एक ॲप टाकले आणि “ॲक्टिव्हेशनचा एक रुपया आहे, पिन टाका” असे म्हणून मोबाईल माझ्यापुढे धरला. मी एक रुपयाचा आकडा पाहिला आणि पिन टाकला. त्याखालच्या बारीक ओळी वाचल्या नाहीत. त्या ओळींमध्ये दरमहा ७९९ रुपये कापून घेण्याची परवानगी होती. अशा ऑटोपेला पिन सुरुवातीला एकदाच लागतो. पुढच्या ठरावीक मर्यादेतल्या कपातींना तो पुन्हा विचारला जात नाही. कपातीच्या आदल्या दिवशी सूचनेचा संदेश येत होता, पण जाहिरातींच्या ढिगात तो मी तिन्ही महिने पुसून टाकला.

दिवाळीला इचलकरंजीहून भाची आली. तिने ॲप पाहिले आणि म्हणाली, “मामा, हे साधं पीडीएफ वाचायचं ॲप आहे. असली ढीगभर फुकट मिळतात.” मग तिने मूळ दुखणे समजावून सांगितले. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट मोबाईलमध्ये नसला की जागा तेवढ्या राहतात आणि आकार नाहीसे होतात. फाईल धडधाकटच असते. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे, तेथेच फाईल पीडीएफ म्हणून साठवली की अक्षरे तिच्याबरोबर जातात आणि कोणत्याही मोबाईलवर जशीच्या तशी दिसतात. तिने सगळ्या ६४ फाईली तासाभरात तशा करून दिल्या. पीडीएफमध्ये पान कागदाच्या मापाचेच राहत असल्यामुळे मोबाईल आडवा धरावा लागतो, एवढीच गैरसोय आहे. अक्षर हवे तेवढे मोठे करून ओळी पडद्यात बसवायच्या असतील, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीत, न्यावा लागतो.

दुकानाने ‘दुरुस्त’ म्हणून दिलेल्या ३१ फाईली युनिकोडमध्येच होत्या, पण कोणत्या तरी साधनातून काढून, न वाचता दिलेल्या. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा असतो. तो न बदलल्यामुळे वडिलांचे ‘पहिले आधण’ हे ‘पिहले आधण’ झाले होते, ‘शनिवार’चा ‘शिनवार’ आणि ‘वर्ष’चे ‘वषर्’. मी शुद्धलेखन शिकवलेला माणूस. पैशांपेक्षा हे अधिक लागले.

ऑटोपे यूपीआय ॲपमधूनच रद्द करता आला. गेलेल्या २,३९७ रुपयांबद्दल बँकेने सांगितले की पिन मीच टाकला असल्याने हा व्यवहार माझ्या संमतीचा ठरतो. दुकानदारही तेच म्हणाला, फक्त आवाज चढवून. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर मात्र यूपीआयने दिलेले २,८०० रुपये परत आले, कारण त्यांचा पुरावा होता. रोख दिलेल्या ४,००० रुपयांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. परंतु पावती नसताना काय सिद्ध करणार, या प्रश्नापाशी मी अजून अडलो आहे.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. फाईली देताना मी वडिलांच्या आठवणी वेगळ्या न काढता अख्खा पेनड्राईव्ह दुकानात ठेवला होता आणि त्यात निवृत्तिवेतनाचे कागद, पॅन आणि आधार यांच्या प्रतीही होत्या. आधारचे बायोमेट्रिक मी त्याच आठवड्यात लॉक केले. पेनड्राईव्ह परत मिळाला आहे. त्यातल्या कागदांच्या किती प्रती त्या दुकानातल्या संगणकावर राहिल्या, हे मला अजून कोणी सांगू शकलेले नाही.